बंद करू नका

मंगळवार, ३

आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. यंत्रांचा अपडेट व्हायला पूर्वी पाऊण तास लागायचा, आता कपातला चहा संपायच्या आत होतो. साहेब म्हणाले, "याला म्हणतात काम." माणूस वाईट नाही. काहीही सांगितलं तरी "होऊन जाईल" म्हणतो, म्हणून आम्ही त्याला पाठीमागे तेच नाव ठेवलंय.

आमची यंत्रं घरोघरी ऑक्सिजन देतात. फुप्फुसं थकलेली माणसं नाकात नळी लावून दिवसरात्र त्यांच्यापाशी बसलेली किंवा झोपलेली असतात. यंत्र चालू केलं की आधी एक छोटा प्रोग्राम उठतो, तो बूटलोडर. तो मोठ्या प्रोग्रामला उठवतो, त्याची नक्कल कामाच्या मेमरीत उतरवतो, आणि मग यंत्र त्या नकलेवर चालत राहतं. मूळ प्रत असते फ्लॅश मेमरीत. त्या फ्लॅशवर लिहायचं कसं आणि वाचायचं कसं हे सांगणारा ड्रायव्हर माझा.

फ्लॅश म्हणजे संथ म्हातारी. एक पान मागा, ती उठणार, चष्मा शोधणार, मग आणून देणार. म्हणून मी तिच्यापुढे एक छोटी फळी ठोकली. कॅश म्हणतात तिला. नुकतीच लिहिलेली, नुकतीच वाचलेली आठ पानं फळीवर राहतात. कुणी मागितलं तर फळीवरून उचलून द्यायचं, म्हातारीला उठवायचं नाही. वेग आला तो एवढ्यानेच. हा ड्रायव्हर गेल्या महिन्यात सगळ्या यंत्रांत उतरला. या शुक्रवारी त्याच्या हातून पहिला मोठा अपडेट जाईल.

फक्त शंकासुराचं तोंड वाकडं. हा आमचा तपासणीवाला. नाव कुणाच्या लक्षात नाही, सगळे शंकासूरच म्हणतात आणि तोही ओ देतो.

"मॅडम, लिहिलेलं तपासतानासुद्धा एवढा वेग कसा?"

"कॅशमुळे."

"तेच म्हणतोय मी. कॅशमुळे कसा?"

"तू स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवरही आपलं नाव दोनदा तपासशील."

"तपासायलाच पाहिजे. भावाचं छापलं असेल तर?"

हसले आणि विषय संपवला. हिरवा दिवा लागतोय, आणखी काय हवं?

घरी आले तेव्हा आई तिच्या खुर्चीत, खिडकीशी. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले तिने. मान वर न करता हात बरोबर त्या अक्षराच्या खणात जायचा. आताही तसंच, बोलताबोलता न बघता कप उचलते. समोरच्या झाडावर कावळ्याने घरटं बांधलंय म्हणाली. "मेली एकेक तार आणून विणतेय. कपड्यांचे चाप पळवते, तरी म्हटलं आपले कमी कसे होतात."


शुक्रवार, ६

अपडेट गेला. पडद्यावर सगळ्या घरांची यादी, आणि एकामागून एक हिरवे ठिपके. लिहिलं, तपासलं, ठीक. एकही लाल नाही. साहेबांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. शंकासुराने दोन घेतली, म्हणाला, "एक शंकेचं, एक समाधानाचं." समाधानाचं आधी वितळलं.

घर रिकामं वाटतंय. आई बुधवारपासून थोरल्या बहिणीकडे आहे. संध्याकाळी गाडी लावायला गेले तर फाटकासमोरची सावलीच गायब. झाड तारांना लागतं म्हणून विजेच्या माणसांनी बुंध्यापासून कापून नेलं. रस्ताभर भुसा. उद्यापासून गाडी मागच्या गल्लीत लावायची, मागच्या दाराने यायचं. उन्हात गाडीची भट्टी होते.


रविवार, ८

आई परत आली. आल्याआल्या तक्रार, "पडदा लाव गं त्या खिडकीला, ऊन येतंय." पडदे धुवायला टाकलेत, लावेन. थोरलीच्या घरात म्हणे पाण्याचं भांडं रोज वेगळ्या जागी. "जिथली वस्तू तिथं नको का? त्या घरात मला माझेच हातपाय सापडेनात."

रात्री जेवताना विचारलं, "काय म्हणतेय तुझी कावळीण?"

"बसलीय अंड्यांवर," आई म्हणाली.

भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी बोलले नाही. थकली असेल प्रवासाने.


सोमवार, ९

सकाळी एका शिंप्याचा फोन आला. माझ्याकडे कसा जोडला गेला कोण जाणे, तक्रारींचे फोन माझ्याकडे येत नाहीत. मागे शिलाई मशीन चालल्याचा आवाज नव्हता, काहीच आवाज नव्हता.

"ताई, तुमचं मशीन उठत नाही."

बायकोसाठी आहे यंत्र. दर सोमवारी बंद करून जाळी धुवायची असं आमच्याच पुस्तिकेत लिहिलंय. त्याने बंद केलं, जाळी धुतली, वाळवली, चालू केलं. लाल दिवा. पुन्हा, लाल दिवा. जवळ आणीबाणीसाठी ऑक्सिजनची नळकांडी असते, पण ती त्याने कधी भरून घेतली नव्हती. "इतकी वर्षं तुमचं मशीन कधी दगा देत नाही, मग कशाला म्हटलं." शेजाऱ्याच्या गाडीतून बायकोला दवाखान्यात नेलं. ओठ निळे पडले होते, म्हणाला. मग म्हणाला, "निळा मला रंगांत कळतो ताई, आयुष्य त्यात गेलं. हा निळा मी पाहिला नव्हता."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा "बघते" म्हणाले.

साहेब म्हणाले, "एखादं यंत्र जातंच. बदलून देऊ. होऊन जाईल."


मंगळवार, १०

आणखी तीन.

आज कुणी हसत नव्हतं. शंकासुराने शंकांची यादी करायचंही टाळलं, नुसता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चारही यंत्रं अपडेटनंतर कुणीतरी बंद करून चालू केलेली. चारही बोर्डांवरची फ्लॅश चिप नव्या पुरवठादाराची. या वर्षी जुनी चिप मिळेना म्हणून ही घेतली. जुन्या चिपची यंत्रं बंद करून चालू केली तरी मजेत उठतात. आमच्या तपासणीच्या टेबलावर सगळी जुन्या चिपची.

"म्हणजे नव्या चिपवर लिहिलंच गेलं नाही नीट," तो म्हणाला.

"तपासलंय. हिरवा आहे."

"हो. हिरवा आहे."

मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. नव्या चिपची बाकीची सगळी यंत्रं अजून चालू आहेत, कारण ती कामाच्या मेमरीतल्या जुन्या नकलेवर चालतायत. त्यांच्या पोटात काय लिहिलंय त्यांना ठाऊक नाही. ज्या क्षणी कुणी बटण दाबेल, तो शेवट.

आणि रविवारी सकाळी अर्ध्या शहराची वीज दुरुस्तीसाठी जाणार आहे. दुपारपर्यंत. पेपरात आलंय. यंत्राची बॅटरी अर्धा तास चालते; पुढे घरची नळकांडी दुपारपर्यंत कशीबशी पुरेल, मग यंत्र उठायलाच हवं.

साहेबांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा, यंत्र बंद करू नका. ते म्हणाले, "कारण काय देऊ? घबराट होईल. लोक घाबरून आधी बंदच करतील." यात तथ्य आहे, हेच वाईट. त्यांनी जादा नळकांड्यांची चौकशी सुरू केली, एवढ्या नळकांड्या शहरात नाहीत. आम्ही दोघांनी परवानगीची वाट न बघता फोन लावायला घेतले. एक आजी म्हणाल्या, "बंद नको करू म्हणजे? मी अधूनमधून दुपारी तासभर बंद करते, घरघर असह्य होते. मशीनची हं, ह्यांची नाही." शुक्रवारनंतर बंद केलंत का? "नाही, शुक्रवारपासून घरात पाहुणे आहेत." पाहुण्यांना दीर्घायुष्य लाभो.

आईने विचारलं, चेहरा का असा? चेहरा नाही म्हणाली ती, आवाज म्हणाली. आवाज का असा. मी म्हटलं काम आहे. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पिल्लं आली का?"

"आली की. चोची बघ केवढ्या."

बरं वाटलं. कुठेतरी काहीतरी जिवंत बाहेर आलं.


गुरुवार, १२

शिंप्याचं यंत्र हातात आलं. नव्या चिपचं पहिलंच. ऑफिसात कुणी ना कुणी डोकावून "झालं का" विचारतं, म्हणून घरी आणलं. जागा करायला टेबल ओढलं, आईची खुर्ची भिंतीकडे सरकवली, स्टूल दारात ठेवलं.

सोपं करायचं म्हणून एकच पान घेऊन बसले. लिही, वाच. बरोबर. लिही, वाच. बरोबर. वेगळा मजकूर लिही, वाच. बरोबर. मग वीज बंद, चालू, वाच. कचरा. अर्धं जुनं, अर्धं कोरं. म्हणजे वीज जाताना पुसलं जातं का? तारा बदलल्या, वीजपुरवठा बदलला, चिपच्या पायांना तपासणीची सुई लावली. काही नाही. लिहिलं की बरोबर आणि बंद केलं की नाही. डोळ्यांदेखत असतं आणि मग नसतं. दुपारी मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आवाज न करता. आई आत होती.

मग ती पाणी घेऊन आली आणि स्टुलाला अडखळून पडली. कोपर सोललं, पाणी बोर्डावर जाता जाता वाचलं. मी ओरडले. आधी बोर्डाकडे धावले आणि मग तिच्याकडे, आणि ओरडले, "समोरचं स्टूल दिसत नाही का तुला?"

"अंधार होता गं दारात," ती म्हणाली.

दुपारचे तीन वाजले होते.

कोपराला मलम लावलं. ती हसत म्हणाली, "लहानपणी तू पडायचीस तेव्हा मी जमिनीला मारायचे. तू मलाच मारतेस." मी हसले नाही. तिने हात चाचपडत खुर्ची मूळ जागी ओढली आणि बसली. म्हातारपणी माणसं किती हट्टी होतात.

संध्याकाळी शिंप्याचा फोन आला. बायको काचेच्या खोलीत आहे. तो म्हणाला, "ताई, माझंच चुकलं का? जाळी ओली राहिली होती का?" मी म्हणाले, तुमचं काही चुकलेलं नाही. "मग कुणाचं?" असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.


शुक्रवार, १३

हे नीट लिहायचंय.

सकाळी घरीच बसले होते. तेच पान. लिही, वाच, बरोबर. रविवार परवावर आला. साहेबांनी काल शेवटी सूचना पाठवली, मोठ्या अक्षरात, "कृपया यंत्र बंद करू नका". खाली स्वतःचा घरचा नंबर दिला. रात्रभर लोक त्यांना फोन करत होते म्हणे. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो माणूस बरा निघाला. पण वीज मंडळाला सूचना वाचून दाखवता येत नाही.

आई खिडकीशी. मी मान वर न करता, हात कीबोर्डवर, सवयीने विचारलं, "काय करतायत पिल्लं?"

"एक धीट आहे. फांदीवर येऊन बसतं. दुसरं आईच्या पंखाखालून हलत नाही. आत्ताच बघ, उडायला गेलं आणि परत आलं."

का कोण जाणे, मी मान वर केली. कदाचित ते धीट पिल्लू बघावंसं वाटलं.

खिडकीत आभाळ होतं. समोरच्या घराची गच्ची, पाण्याची टाकी, तारा. खाली बुंध्याचा गोल, त्यावर कुणीतरी चपला वाळत ठेवलेल्या. झाड मी स्वतः गेलेलं पाहिलं होतं. शुक्रवारी. सावली गेली म्हणून चिडले होते.

आई त्या आभाळाकडे तोंड करून हसत होती.

माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. कुठली आधी आली ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवते. आधी आलं, ती बघून सांगत नाहीये. तिच्यापाशी जे आहे ते सांगतेय. आणि माझा ड्रायव्हरही वाचून सांगत नाहीये. मी पान लिहिते, ते फळीवर राहतं. मी विचारते काय लिहिलंय, तो फळीवरचं उचलून देतो. म्हातारीला कुणी उठवलेलंच नाही. तिने लिहून घेतलं की नाही हे तिला कधी विचारलेलंच नाही. मी एकच पान घेऊन बसले, म्हणून ते फळीवरून कधी हललंच नाही. जितकं शहाणपणाने सोपं करत गेले तितकं ते घट्ट झाकत गेले.

दुसरी आठ पानं वाचायला सांगितली, म्हणजे फळी भरेल आणि माझं पान खाली ढकललं जाईल. मग पुन्हा माझं पान मागितलं.

कचरा.

नवी चिप पान पुसायला जरा जास्त वेळ घेते. ती पुसत असतानाच आम्ही पुढचं लिहायला देतो, आणि ती ते सोडून देते. जुना ड्रायव्हर तिला विचारायचा, नाही म्हणाली की पुन्हा लिहायचा. म्हणून तो संथ होता. मी तिला विचारणं काढून टाकलं आणि वेग आला.

मी शंकासुराला फोन केला. बोर्ड पिशवीत घातला. चपला घातल्या.

आईने विचारलं, "सापडलं?"

"सापडलं."

"बाई गं. जा, जा मग."

मी गेले. दारातून वळून बघितलं. ती खिडकीकडेच तोंड करून होती. दुसरी गोष्ट ही, तिला दिसत नाही. मला हे कळलं होतं, आणि मी जिना उतरत होते.


शनिवार, १४

आता खरा पेच. दुरुस्त ड्रायव्हर तयार आहे, पण यंत्रांत तो पोचवायचा कुणी? तोच खोटं बोलणारा ड्रायव्हर तो लिहून घेणार आणि हिरवा दिवा दाखवणार. चोरालाच पोलिसाचं पत्र द्यायचं.

"घरोघरी जाऊ," शंकासूर म्हणाला. एवढी घरं, उद्या सकाळपर्यंत? चहा थंड झाला.

मग तो म्हणाला, "तुम्ही काल जे टेबलावर केलंत ते इथून करता येईल का?"

येतं. आमच्याकडून यंत्राला एवढं सांगता येतं की हे पान लिही आणि हे पान वाचून पाठव. मग आम्ही वेग सोडला. यंत्राला एक पान लिहायला सांगायचं. थांबायचं. दुसरी आठ पानं वाचून घ्यायची, म्हणजे फळी भरते. मग ते पान मागायचं. आता मात्र म्हातारीला उठावंच लागतं. चुकीचं असेल तर पुन्हा लिहायचं, पुन्हा थांबायचं. पाऊण तासाऐवजी प्रत्येक घराला सकाळची दुपार.

सगळी घरं एकदम सुरू केली. मागच्या आठवड्यातले हिरवे ठिपके आम्हीच पुसून टाकले. पडदा करडा झाला, आणि मग एकेक ठिपका फार हळू हिरवा होऊ लागला.

घरी गेले तेव्हा आई झोपली होती. स्टूल जागेवर ठेवलं. टेबल जागेवर. खुर्चीच्या पायांचे जमिनीवर उठलेले डाग शोधून खुर्ची नेमकी त्यांच्यावर ठेवली.


रविवार, १५

सकाळी वीज गेली. साहेब, शंकासूर, मी, तिघंही पडद्यासमोर. एक घर राहिलं होतं. एका निवृत्त मास्तरांनी यंत्राचं इंटरनेटच काढून टाकलेलं, फोन उचलत नव्हते. शंकासूर नळकांडी खांद्यावर घेऊन त्यांच्याकडे गेला.

त्याचा फोन आला. "उघडलंय दार. म्हणतात, तुम्ही लोक फार फोन करता म्हणून तार काढली. नळकांडी जोडली. आता मला बुद्धिबळात हरवतायत."

साहेब खाली बसले. जमिनीवरच.

दुपारी वीज आली. यंत्रं उठायला लागली. एक, मग बरीच. मी मोजलं नाही, बघू शकत नव्हते. साहेब वाचत होते, घरांची नावं नाही, नुसतं "हा. हा. हा." मास्तरांच्या यंत्रावर लाल दिवा, शंकासुराने फोनवर सांगितलं. अपेक्षेप्रमाणे. बाकी कुठेही लाल नाही.

साहेब म्हणाले, "झालं." पहिल्यांदाच भूतकाळात.

मग मी शिंप्याला फोन केला. बायकोने डोळे उघडलेत. बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, किती परत येईल सांगता येत नाही. मी त्याला सांगितलं, जाळी ओली नव्हती. यंत्रात मी लिहिलेलं चुकलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिला ऐकू येतं म्हणतात. तिला सांगतो. तिला वाटत असेल मीच काहीतरी केलं." फोन ठेवला. क्षमा मागायला मी तोंड उघडलं होतं.


बुधवार, १८

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "कशाला गं, मला दिसतं सगळं," करत आली. बाकावर बसलो होतो, आत एक माणूस तक्ता वाचत होता, मोठ्याने, दार उघडं. आमची पाळी आली. आईने खुर्चीत बसून तोच तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. सगळ्यात बारीक ओळसुद्धा. डॉक्टर हसल्या, "वा आजी." मग उठून तक्ता उलटा केला, दुसरी अक्षरं.

आई थांबली. फार वेळ. "ही जुळणी कुणी केली? छपाई पुसट आहे," म्हणाली.

उजवा डोळा गेलाय. डाव्याला मधोमध थोडं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. आतला दाब वाढत गेला, काही वर्षं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब टाकून राखायचं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हणाले, मी विचारत होते. रोज.

घरी आल्यावर ती तिच्या खुर्चीत बसली. मी जमिनीवर, तिच्या पायाशी.

"आई, समोर झाड नाहीये."

"माहीत आहे."

मी वर बघितलं.

"थोरलीकडून आले त्याच दिवशी कळलं. दुपारी गालावर ऊन आलं. इतक्या वर्षांत या खुर्चीत कधी आलं नव्हतं. म्हणून तर तुला पडदा लाव म्हटलं."

"मग पिल्लं? ते धीट पिल्लू?"

"तू विचारायचीस ना." तिने माझं डोकं शोधलं, हात केसांवर ठेवला. "दिवसभरात तेवढं एकच विचारायचीस. तुझा आवाज असा झालेला. मग काय सांगू, झाड नाही म्हणून? घरटं गेलं म्हणून?"

पडदे अजून धुवायच्या टोपलीतच आहेत. ऊन तिच्या अर्ध्या तोंडावर होतं.

मी विचारलं, "आत्ता काय दिसतंय तुला? खरंच."

तिने लगेच उत्तर दिलं नाही. मान जराशी डावीकडे वळवली, मग परत, जिथून दिसतं ती जागा शोधत. ओठ हलले आणि थांबले. मला दोनदा वाटलं आता बोलेल, आणि माझ्याच तोंडात शब्द आला, तिच्या आधी. मी तो गिळला.

मी थांबले.